माझी कोंबडी, त्याचं अर्पण

माझा धाकटा भाऊ परत आला तेव्हा अख्ख्या मंडळीला आनंद झाला. मला झाला नाही. पहिल्याच रविवारी तो चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहिला. दारूत घालवलेली वर्षं, हातची गेलेली नोकरी, पुण्याच्या फुटपाथवर एका सकाळी प्रभूनं कसा हात धरला, सगळं त्यानं रडत रडत सांगितलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आई तर हुंदके देत होती. मी पेटीवर बसले होते, साक्षीनंतरचं गीत मलाच वाजवायचं होतं, त्यामुळं रडायची सोय नव्हती. तसंही रडू आलं नसतं.

साक्ष म्हणजे देवानं आपल्याला कुठून उचललं ते चारचौघांत सांगायचं. आता मला कुठून उचलणार? मी पडलेच नव्हते! श्रीरामपूरजवळच्या आमच्या गावात, त्याच घरात, शाळेत शिकवत, आईच्या शुगरच्या गोळ्या आणत, दर रविवारी पेटी बडवत मी राहिले होते. मी उभी राहून काय सांगू? प्रभूनं मला वेळेवर मेडिकलात नेलं म्हणून?

घरी तर विचारूच नका. तव्यावरची पहिली भाकरी त्याची. दुधावरची साय त्याची. तो नुसता अंगणात चपला काढायला लागला तरी आईचा चेहरा उजळायचा. मी शाळेतून आले की ती म्हणायची, "आलीस का? गॅस संपलाय बघ." मला साय नको होती हो. एकदा, फक्त एकदा, मी आत येताना आईचा चेहरा तसा व्हावा, एवढंच हवं होतं.

मग हंगामाचा सण आला. आमच्याकडे या रविवारी प्रत्येक घर आपल्या पिकातलं काहीतरी वेदीपुढं आणून ठेवतं. कुणी बाजरी, कुणी ऊस, कुणी अंडी. उपासना झाली की बाहेर लिंबाखाली त्या सगळ्याचा लिलाव होतो, आणि बोलीचा पैसा चर्चला जातो. मी बाजरी पाखडून ठेवली होती. सकाळी आवरून बाहेर येते तो काय, भावाच्या काखेत माझी तांबडी कोंबडी! पिल्लू असल्यापासून मी वाढवलेली. मांजरानं धरली होती तेव्हा हळद लावून जगवलेली.

"आई, ती माझी आहे."

"घरातलीच हाय की," आई म्हणाली. "त्याच्याकडं द्यायला काय हाय गं? सगळ्या लोकांत मोकळ्या हातानं जाईल व्हय तो?"

भाऊ ओशाळून उभा होता. "ताई, तू नको म्हणालीस तर नाही नेत." घ्या! म्हणजे आता वाईट कोण? मी. मी बाजरीची पिशवी उचलली आणि पुढं चालायला लागले.

पाळकसाहेबांनी प्रवचनाला तारण हाच विषय घेतला होता. तारण म्हणजे सोडवून घेणं, ते म्हणाले. जे आपलंच होतं, जे हातचं गेलं, ते मालकानं पुन्हा किंमत मोजून घरी आणणं. देवानं ती किंमत वधस्तंभावर मोजली. हे बोलताना त्यांची नजर माझ्या भावावर होती, आणि त्यांच्यामागून सगळ्यांची. मी वेदीकडं पाहत होते. पाय बांधलेली माझी कोंबडी उसाच्या मोळीला टेकून मान वळवत होती. मनात आलं, जे हातचं गेलंच नाही त्याची किंमत कोण मोजतो?

लिलावाला चर्चचे एक पंच उभे राहिले. गळा मोठा, विनोदाची हौस. कोंबडी वर धरून त्यांनी भावाचं नाव घेतलं तशी टाळ्या पडल्या. पहिली बोली आईची. खुर्चीवर बसल्या बसल्या तिनं हात वर केला आणि पदराची गाठ सोडायला लागली.

मी मागून बोली वाढवली.

लोक हसले. पंच म्हणाले, "अहो, एकाच घरातल्या दोघी! चूल वेगळी केली का काय?" आईनं मागं न बघता वाढवली. मीही वाढवली. हळूहळू बाकीचे हसायचे थांबले, कारण कोंबडीची बोली शेळीच्या भावाला जाऊन पोचली होती. भाऊ माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, "ताई, राहू दे ना. आईला घेऊ दे."

"तू गप्प बस!" मी ओरडले. "माझी कोंबडी आहे ती. तू काय पाळलीस?"

सगळ्यांनी ऐकलं. भावाचा चेहरा पडला. आईनं वर केलेला हात सावकाश खाली घेतला. पंचांनी पुटपुटल्यासारखं एक वार, दोन वार, तीन वार म्हटलं आणि कोंबडी माझ्या हातात दिली. मी पैसे टाकले आणि तिला घेऊन चर्चच्या मागच्या पायरीवर जाऊन बसले. तिचे पाय सोडले. पुढं पंगत बसली होती, मटणाचा वास येत होता. मी मेले तरी जाणार नव्हते.

थोड्या वेळानं काठी टेकत आई आली. तो खडकाळ भाग तिला एकटीला जमत नाही, पण आली.

"लई महागात पडली गं कोंबडी," ती म्हणाली.

"माझीच होती."

"व्हय. तुझीच हुती."

तिनं तसं म्हटलं आणि माझा बांध फुटला. "आई, मी कुठं गेले नाही, वाया गेले नाही, म्हणून माझी काही किंमतच नाही का गं?"

ती पायरीवर बसली. "तो गेल्ता तवा मी काय करत हुते?"

"दारात बसून वाट बघायचीस. दिवसदिवस."

"आन् सैपाक?"

"मी करायचे."

"माझं दवापानी?"

"मीच."

"तू घरात हुतीस म्हणून मला दारात बसता आलं. देवानं त्याला सोडवला, मान्य. पर हितं या घरात त्याची किंमत तू भरलीस. मी न्हाई."

इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला दिसलं ते एवढंच, की यातही मधोमध तोच होता.

"मग मला विचारायचं तरी होतंस," मी म्हणाले.

आई काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. तेवढ्यात भाऊ कोपऱ्यावरून डोकावला. "आई, चल ना. पान वाढलंय. सगळे थांबलेत."

"तू जेव जा," आई त्याला म्हणाली. "मी हिच्यापाशी हाय."