काजलच्या फॉर्मवरची सही

मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे ठाऊक नाही. आणि तिला मी काय सांगत नाही? दाढीचं ब्लेड बदललं तरी सांगतो. हे एवढं मात्र सहा वर्षं पोटात ठेवलंय. मित्रांना नाही, मुलीला नाही, कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही. छे, हेही खरं कारण नाही. खरं कारण यंदाच्या जुलैत घडलं. पण तिथे यायला मला वेळ लागणार आहे, कारण मी आडवळणं घेणारा माणूस आहे.

मी मूळचा पुण्याचा. नोकरी गुडगावला आयटीत, घर दिल्लीतल्या द्वारकेत. आमच्या सेक्टरात मुलींचा फुटबॉल क्लब आहे, तो मी सुरू केला. सुरू केला म्हणजे काय? माझ्या इराला सोसायटीतले मुलगे बॉलला पाय लावू देईनात. मला राग आला. मला राग लवकर येतो. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बॉल विकत आणला आणि सहा पोरी गोळा केल्या. आज तीन वयोगटांच्या तीन टीम आहेत, शनिवारी सकाळी मैदान पुरत नाही. आमच्या मराठी मंडळाने गणपतीत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. माझ्यामुळे कितीतरी मुली घराबाहेर पडल्या, असं एक बाई माइकवरून म्हणाल्या. मी हात जोडून हसलो. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

तर काजल. सेक्टरच्या मागे जुनं गाव आहे, तिथे एका खोलीत ही माणसं राहायची. बाप महेंद्र सिंग, मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात; पहाटे कंपनीची बस पकडायचा. आई आमच्याच सोसायटीत दोन घरी पोळ्या करायची. काजल आली तेव्हा अकरा वर्षांची, गोलकीपर. अहो, काय पोरगी होती! उंची बेताची, पण आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायचा. 'पीछे देख, अंधी!' असं ती आमच्या इरावर खेकसायची आणि इरा मुकाट मागे बघायची. गुडघे कायम सोललेले. मी टिंचर लावायला गेलो की म्हणायची, रहने दो सर, कल फिर छिलेगा.

महेंद्र पहिल्या दिवशी स्वतः आला होता. अख्खी प्रॅक्टिस कुंपणापाशी उभा राहून बघितली आणि मग माझ्याकडे येऊन अटी सांगितल्या. पूर्ण ट्रॅकपँट. अंधार पडायच्या आत घरी. आणि या मैदानाबाहेर कुठेही नाही. 'खेलना है तो यहीं खेले, सर. बाहर नहीं जाएगी.' मी शब्द दिला. नुसता दिला नाही, छातीवर हात ठेवून दिला. तो माणूस दोन मिनिटांत माझ्यावर विश्वास टाकून गेला; त्याला माझ्याकडून तेवढंच हवं होतं.

दोन वर्षं मी तो पाळलाही. मग फरिदाबादची स्पर्धा आली. आमच्या मुलींची पहिलीच बाहेरची स्पर्धा. एका दिवसाची, शनिवारची. मुली बरोब्बर अकरा होत्या आणि गोलकीपर एकच. काजल नाही तर टीमच नाही. प्रत्येकीच्या फॉर्मवर पालकांची सही लागत होती, आणि फॉर्म गुरुवारी पाचच्या आत पोचवायचे होते. दहा फॉर्म तयार होते. अकरावा — तो कोरा.

महेंद्र शिफ्टवर. कारखान्यात फोन गेटवर जमा करतात, हे मला माहीत होतं. तरी मी एकदा फोन लावला. का? तर 'मी प्रयत्न केला' असं नंतर स्वतःला सांगता यावं म्हणून. आदल्या रविवारी तो घरीच होता, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. तेव्हा का नाही गेलो? आयोजकांकडे एक दिवस मागून का नाही घेतला? कारण विचारलं असतं तर महेंद्र नाही म्हणाला असता. बस. बाकी सगळी सारवासारव आहे.

ती सही मी केली. ऑफिसच्या कँटीनमध्ये, चहा पिता पिता. महेंद्र सिंग, हिंदीत, जरा तिरकी. मी फॉर्मची झेरॉक्स काढून फाइलला लावली, कारण मी सगळ्याच फॉर्मची झेरॉक्स ठेवतो. आणि संध्याकाळी काजलला सांगितलं, पापा से बात हो गई है, घर पे अब तू ये बात मत छेड़ना. तिने उडी मारली. सरळ वर, जागच्या जागी. आईलाही तिने तेच सांगितलं असणार — सरांनी पापांना विचारलंय.

आता माझी अक्कल बघा. मी फॉर्म भरले ते आपल्या पद्धतीने. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेपासून हाताला तेच वळण. दिल्लीत असं कुणी लिहीत नाही. इथे काजल सिंग म्हटलं की गल्लीगल्लीत चार सापडतात, कुणी ढुंकून बघत नाही. मी लिहिलं, काजल महेंद्र सिंग.

फरिदाबादला तिने दोन पेनल्टी अडवल्या. आम्ही तिसरे आलो. आयोजकांनी टीमचा फोटो काढला, त्यांनीच दिलेल्या हाफ पँटमध्ये, खाली सगळ्यांची नावं. तो फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत फिरत सोमवारी पहाटे मानेसरच्या कंपनी बसमध्ये पोचला. कुणीतरी मोठ्याने वाचून विचारलं, महेंद्र, ये तेरी वाली है क्या? भर बसमध्ये. बापाचं नाव मध्ये छापलेलं, नाही म्हणायला जागाच नाही.

पुढच्या रविवारी तो मैदानावर आला. आम्ही पेढे वाटत होतो. दहा-बारा पालक, कोच सुनीता मॅडम, सगळ्या मुली. काजल त्याच्या मागे. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, आणि कदाचित निभावलं असतं. तो एवढंच म्हणाला, 'सर, आपने ज़बान दी थी.'

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या एका क्षणात मला काय दिसलं सांगू? सत्कार दिसला नाही, क्लब दिसला नाही. शेजारचे बन्सल दिसले फक्त. ते मला खोटारडा समजतील, एवढंच. बन्सल! ज्यांच्याशी माझं पार्किंगवरून भांडण आहे, त्या माणसाच्या मतासाठी—

मी म्हणालो, 'फॉर्म पे आपके साइन थे, महेंद्र जी. काजल लेके आई थी.'

माझी हिंदी एरवी अडखळते. हे वाक्य लोण्यासारखं आलं.

काजलने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. सरांची बोलण्यात चूक झालीय, आता दुरुस्त करतील, अशी पाहत होती. ती थांबली. खरंच थांबली हो, मला वेळ दिला तिने. मी पेढ्याच्या बॉक्सचं झाकण लावत होतो.

महेंद्रने तिच्या थोबाडीत मारली. एकच. मग तो माझ्याकडे वळला, हात जोडले आणि म्हणाला, माफ करना सर, आपको खामखाह बोला. तो फॉर्म तरी दाखवा, असंही त्याने म्हटलं नाही. झेरॉक्स माझ्या काखेतल्या फाइलीत होती.

ती बोलली का नाही? वर्षभर मी स्वतःला सांगत होतो, बापाला घाबरली. मग सांगितलं, माझा मान राखला. दोन्ही बकवास. ती बोलली असती तर कुणी विश्वास ठेवला असता? पोळीवालीच्या पोरीवर, माझ्यासमोर? तेरा वर्षांच्या मुलीला हे कळत होतं आणि मलाही कळत होतं. म्हणून तर मी ते बोलू शकलो.

तिचा खेळ त्या दिवशी संपला. महिन्याभरात शाळाही सुटली. तिला यूपीत एटाकडे आजीच्या गावी धाडलं, खोटी सही करणारी मुलगी शहरात ठेवायची नाही म्हणून. तिची आई आमच्या बिल्डिंगमध्ये येत राहिली. एकदा लिफ्टमध्ये मान खाली घालून म्हणाली, लड़की ने आपका नाम ख़राब कर दिया, सर. मी काय म्हणालो असेन? 'जाने दीजिए, बच्ची है.' मोठ्या मनाने! थोबाडीत मारल्याचा आवाज मी ऐकला होता. पण रात्री-अपरात्री मला आठवतं ते हे वाक्य. ते मी घाबरून नव्हतो बोललो. ते मी ऐटीत बोललो.

आणि पुढे ऐका. मी नियम केला. यापुढे पालकांनी स्वतः यायचं आणि माझ्यासमोर सही करायची. सगळ्यांनी वाहवा केली. गावातल्या बापांचा भरवसा बसला, इथे फसवाफसवी चालत नाही म्हणून. त्यानंतरच मुली वाढल्या. दहाच्या वीस, विसाच्या साठ. दर वर्षी सुनीता मॅडम नव्या मुलींना गोलात बसवून सांगतात, एक लड़की थी, पापा के नकली साइन किए थे, आज कहाँ है देखो. त्या बिचाऱ्या मनापासून सांगतात, त्यांना काय माहीत? मी बाजूला उभा असतो. मान डोलावतो.

आता जुलै. नाव नोंदणीचा रविवार. मैदानाच्या कडेला टेबल, टेबलावर मी, समोर रांग. मान वर केली तर महेंद्र. केस पार पांढरे. हाताला धरलेली दहा वर्षांची मुलगी, धाकटी, मुस्कान. आणि दोघांच्या मागे काजल. मला आधी ओळखूच आली नाही. ती आता मानेसरलाच कामाला आहे, वडिलांच्याच बसने जाते. केस घट्ट बांधलेले. कुठेच सोललेलं-खरचटलेलं काही नाही.

महेंद्रने पुन्हा हात जोडले. म्हणाला, सर, उस बार बहुत शर्मिंदा हुआ था, अबकी ख़ुद आया हूँ. मग मुस्कानच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, 'ये वाली झूठ नहीं बोलती.'

काजल तिथेच होती. दोन हातांवर. सहा वर्षं मी स्वतःशी म्हणत होतो, ती परत भेटली तर सांगून टाकीन, बापासमोर सांगेन, काय व्हायचं ते होऊ दे. आता बाप होता, ती होती, टेबल होतं, रांगेत बन्सलही नव्हते. मी फॉर्म ओढला आणि नावाच्या रकान्यात लिहिलं, मुस्कान. पेन पुढे सरकलं.

तेव्हा काजल बोलली. अगदी हळू, रांगेतल्या कुणाला ऐकूही गेलं नसेल. तो मैदानभर घुमणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

'सर, बीच में पापा का नाम मत लिखना.'

मी लिहिलं नाही. मुस्कान सिंग, एवढंच लिहिलं आणि फॉर्म महेंद्रसमोर सरकवला. त्याने सावकाश, एकेक अक्षर जपून सही केली. त्याची सही मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मी केलेल्या सहीशी तिचा काही म्हणजे काहीच मेळ नव्हता. काजलही वाकून बघत होती. मी फॉर्म उचलला, फाइलीत ठेवला आणि म्हणालो, 'नेक्स्ट.'