अंबादासचा नारळ आणि बेबीताईंची आंबील

चेरीतालच्या आमच्या गल्लीत कोणाशी वाद घालायचा असला तर आधी बेबीताई ओट्यावर बसल्या आहेत का, ते डोकावून पाहावं लागतं. बसल्या असतील तर वाद उद्यावर ढकललेला बरा.

बाईंची सारी नोकरी डिफेन्स फॅक्टरीच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकण्यात गेली. दोन्ही बाजूंचं ऐकता ऐकता त्यांना एक खोड लागली. माणूस काय म्हणतो ते सोडून, तो एका वाक्यावरून दुसऱ्या वाक्यावर उडी कशी मारतो, तेच पाहायचं. रिटायर झाल्यावर फॅक्टरी सुटली आणि ती खोड आमच्या नशिबी आली.

एका उन्हाळ्यात गल्लीची लाइट गेली. आमचे अंबादास, रेल्वेतून रिटायर झालेले, घामाघूम होऊन ट्रान्सफॉर्मरपुढे गेले आणि त्यांनी नारळ फोडला. नारळ फुटला, लाइट आली. त्यानंतर गडी कितीतरी दिवस गल्लीतून असा फिरायचा, जसं सारं वीजमंडळ याच्याच शब्दावर चालतं. बेबीताईंनी एवढंच विचारलं, "भाऊजी, मागच्या खांबावर लाइनमन चढला होता, तो काय खोबरं खायला?"

झालं. त्या दिवसापासून 'आधी हे झालं, मग ते झालं, म्हणजे ह्याच्यामुळेच ते झालं' असं कोणी बोललं की आमच्या गल्लीत त्याला 'अंबादासचा नारळ' म्हणतात. चिंतामणीला नालीत कचरा टाकू नको म्हटलं, तर तो म्हणाला, "तुमच्या घरचं कुत्रं भुंकतं त्याचं काय?" तेव्हा मुद्दा सोडून बोलणाऱ्यावरच घसरणं म्हणजे 'चिंतामणीचं कुत्रं'. सरोजिनीबाई पोरीला म्हणाल्या, एक तर इंजिनिअर हो, नाहीतर जन्मभर भांडी घास. तिथून 'सरोजिनीचे दोन दरवाजे' निघाले. पोरगी, ऋचा, तिसऱ्याच दरवाज्यानं नर्सिंगला गेली आणि मजेत आहे. अशी एक उडी माझ्याही नावावर आहे. ती कळून तुम्हाला काय करायचं?

तर अशा या बेबीताईंची सून गीतांजली. इथल्याच जवळच्या सिहोऱ्याची, माहेर हिंदी बोलणारं. मराठी समजते सगळी, बोलताना मात्र गाडी मध्येच हिंदीच्या रुळावर जाते. आणि यांच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. विदर्भातून इथे हिंदी मुलखात आले तेव्हापासूनचा रिवाज असा की नैवेद्याची आंबील घरच्या सुनेनंच करायची. ज्वारीचं पीठ ताकात आंबवायचं, शिजवायचं, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मागच्या वर्षी गीतांजलीनं पहिल्यांदा केली. त्याच आठवड्यात तिचा नवरा विपुल रिछाईच्या कारखान्यातून परत येताना खड्ड्यात पडला आणि पाय मोडून घेऊन आला.

पाय जुळला. पण बेबीताईंच्या नागपूरच्या जाऊबाई, सुहासिनी, फोनवर एक शब्द सोडून गेल्या: पायगुण. हा शब्द एकदा घरात शिरला की सुनेला कुठे बसावं, कुठे उभं राहावं ते कळत नाही. सणावाराला येणारी प्रत्येक बाई आधी तिच्या पायांकडे पाहते.

यंदा महालक्ष्म्या जवळ आल्या. त्यांचं स्वयंपाकघर आणि माझं, मधे एकच भिंत. देवानं मला कान दिले आहेत आणि विपुलला तोंड. त्यामुळे पुढचं शब्दाला शब्द खरं आहे.

बेबीताई म्हणाल्या, "गीता, तू यंदा फुलोऱ्याच्या करंज्या पाहा. आंबील मी करून राहिली."

"काहून, मम्मीजी?"

"काहून म्हणजे? मागच्या वर्षी पाहिलं न काय झालं ते."

गीतांजली हळूच म्हणाली, "मम्मीजी, बुरा मत मानिये... पण हा अंबादास काकांचा नारळ तर नाही ना?"

पिठाच्या डब्याचं झाकण खाली पडल्याचा आवाज आला.

"कालची आलेली पोरगी तू. आमच्या घरच्या रिवाजातलं तुला काय कळते?"

"और ये चिंतामणी भैयाचं कुत्रं," गीतांजली म्हणाली.

बाहेरच्या खोलीत विपुल हसला. बेबीताई गरजल्या, "तू काहून हसून राहिला? खड्डा दिसला नाही न तुला?"

आणि बोलल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. खड्डा. रस्त्यातला, साऱ्या जगाला दिसणारा. आख्ख्या गल्लीच्या उड्या पकडणाऱ्या बाईंना घरातली उडी वर्षभर दिसली नव्हती.

मग त्या खालच्या आवाजात बोलल्या. मला कान भिंतीला लावावा लागला. "एक्सरेच्या खोलीबाहेर बसली होती न मी, तेव्हा कोणावर तरी रागवावं असं वाटून राहिलं होतं. खड्ड्यावर किती रागावणार? सुहासिनीनं तुझं नाव घेतलं, मी ठेवून घेतलं." आणि डबा फरशीवरून सरकल्याचं मी ऐकलं. "घे. ताक चांगलं आंबट पाहून घे."

पूजेच्या दिवशी सुहासिनीबाई नागपूरहून हजर. गीतांजली आंबील ढवळत होती आणि पलीकडे पुरण वाटता वाटता मिक्सरमधून धूर निघाला. जळका वास घरभर झाला. सुहासिनीबाईंनी एकदा मिक्सरकडे पाहिलं, एकदा आंबिलीकडे, आणि मग डोळे गीतांजलीच्या पायांवर नेऊन ठेवले. तिच्या हातातला डाव थांबला.

"जाऊबाई, नारळ फोडू नका," बेबीताई म्हणाल्या. "तो मिक्सर माझ्या रिटायरमेंटच्याही आधीचा आहे. गीता, ढवळ तू, खाली लागेल."

सुहासिनीबाईंना नारळाचा अर्थ कळला नाही. अंबादासांना कळला, ते पंगतीत माझ्या शेजारीच होते आणि पानातल्या वड्यांकडे फार बारकाईनं पाहू लागले.

आता गल्लीत अंबादासच्या नारळाला नवं नाव पडलं आहे, 'बेबीताईंची आंबील'. बाईंनी ते स्वतःच ठेवलं. अंबादासांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणा.

त्या पंगतीत बेबीताईंनी आंबिलीचा पहिला घोट घेतला, डोळे बारीक केले आणि सुनेला म्हणाल्या, "मीठ जास्त झालं. हे मात्र तुझ्यामुळेच."

"हां, मम्मीजी," गीतांजली म्हणाली, आणि वर्षभरात पहिल्यांदा मोकळी हसली. "हे माझ्यामुळेच."