मार्थाबाईंचं वेगळं टेबल

मार्थाबाई कुठलीही वस्तू कुणाच्या हातात देत नसत. आम्ही अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरला राहायला आलो, तेव्हा शेजारच्या या गोऱ्या म्हाताऱ्या बाई अंगणातली लिंबं घेऊन आल्या. मी हात पुढे केला, तर पिशवी पायरीवर ठेवून मागे सरल्या. मनात म्हटलं, घ्या! सासूबाईंचं सोवळं नागपूरला सोडून आले, तर ते इथे माझ्याआधी येऊन बसलंय.

खरा प्रकार पुढे कळला. बाईंचा जन्म एका कडक धर्मपंथाच्या शेतकरी वस्तीतला. तिथे मुलींनी आठवीपुढे शिकायचं नाही. यांनी पंथाची दीक्षा घेतल्यावर नर्सिंगचा हट्ट धरला. शिकायला वस्तीबाहेर पडलेली ही पहिलीच मुलगी. दीक्षा घेऊन नियम मोडला, म्हणून वस्तीने वाळीत टाकलं. वाळीत टाकलेल्याच्या हातून काही घ्यायचं नाही, त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही.

"समोरच्याला नको म्हणायची वेळ येऊ नये, म्हणून मीच खाली ठेवायची. लागली ती सवय लागलीच," त्या सांगत.

माझा नवरा वैतागायचा. "यार, आता कशाला फॉलो करतात ते रूल्स? विचार ना त्यांना!"

मी विचारलंच. तर म्हणाल्या, "देवाशी माझं भांडण नाही, पोरी. भांडण टेबलाशी आहे."

बाकी बाई फटकळ. मुलाला ताप आला की मी हातपाय गाळायची. मग या यायच्या आणि मलाच दटावायच्या, "ताप त्याला आहे, तू का आडवी झालीस?" माझ्या व्हिसावर नोकरीला बंदी, त्यामुळे दुपारी मी त्यांच्याकडेच असे. आवाज पडायचा तो फक्त धाकट्या बहिणीचा, रूथचा विषय निघाला की. "एकदा तिच्याबरोबर जेवायचंय," म्हणायच्या.

२००६ साली मार्थाबाईंना कॅन्सर निघाला आणि वस्तीतून रूथबाई आल्या. डोक्याला पांढरी टोपी, अंगात गडद घोळदार झगा. अंग पुसणं, केस विंचरणं, सगळी सेवा त्यांनी केली. द्यायला मनाई नव्हती, घ्यायला होती. पण जेवायची वेळ झाली की आपली बशी घेऊन स्वयंपाकघरात जायच्या. मार्थाबाई भिंतीकडे तोंड करायच्या. मला रूथबाईंचा असा राग यायचा की सांगायची सोय नाही.

एका दुपारी मी मुगाची मऊ खिचडी नेली. रूथबाई भरवायला बसल्या. दोन-चार घास झाल्यावर मार्थाबाईंनी मान फिरवली. मी वाटी उचलायला गेले, तर रूथबाईंनी ती घट्ट धरली.

"आमच्यात अन्न टाकत नाहीत," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "तोही नियमच आहे."

आणि तिथेच, पलंगाच्या कडेला बसून, त्याच चमच्याने बहिणीचं उष्टं खाऊ लागल्या. मार्थाबाई टक लावून बघत होत्या. वाटी रिकामी झाल्यावर हळूच म्हणाल्या, "मीठ कमी होतं ना गं?"

"बरंच कमी," रूथबाई म्हणाल्या.

दोघी बहिणींनी मिळून माझ्या खिचडीला नावं ठेवली, आणि मला इतकं बरं वाटलं की रडूच फुटलं. त्याच आठवड्यात मार्थाबाई गेल्या. जेवून गेल्या.