कपावरचं नाव

"बिचारी, आपल्यातलीच."

काकू दर मंगळवारी हे एकदा तरी म्हणायच्याच. काकू मूळच्या सांगलीच्या, इकडे मुलाकडे राहणाऱ्या, आणि ही बिचारी म्हणजे अठराव्या शतकातली एक जर्मन राजकन्या, रशियाच्या राजघराण्यात सून म्हणून गेलेली. मी कॅनडात, मार्कहॅमच्या एका लायब्ररीत काउंटरवर असते. काकू दारातल्या पायपुसण्यावर स्नोबूट आपटायच्या, कोटाच्या आतून वडीचा डबा काढायच्या आणि थेट माझ्यापाशी येऊन विचारायच्या, "मग? पुढे काय झालं तिचं?"

हे वेड एका पुस्तकातल्या तिच्या चित्रावरून लागलं. काकूंना इंग्रजी भराभर वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचायची आणि लंच ब्रेकमध्ये मराठीत सांगायची. माझी पोळीभाजी त्या नादात गार व्हायची, पण सांगते, इतकं कान देऊन मला आयुष्यात कोणी ऐकलेलं नाही.

पोर जेमतेम चौदा-पंधराची. सासरची भाषा लवकर यावी म्हणून कडाक्याच्या थंडीत अनवाणी येरझाऱ्या घालत शब्द पाठ करायची. निमोनिया झाला, मरता मरता वाचली. "अगं, मोजे तरी घालायचे," काकू वैतागून म्हणाल्या. नवरा खेळण्यातले सैनिक मांडून बसायचा. त्यातले काही उंदरानं कुरतडले, तर पठ्ठ्यानं उंदराला रीतसर फाशी दिली. काकू इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजोबांनी पेपर खाली केला. मग एकदम डब्याचं झाकण लावू लागल्या. असल्या माणसाबरोबर जन्म काढायचा म्हणजे काय, हे बहुधा त्यांच्या डोक्यात आलं असावं.

सासू कशी होती, हे त्यांनी विचारलंच. सासू नव्हती, नवऱ्याची मावशी राज्य करत होती. तिनं बाळ जन्मल्या जन्मल्या उचलून नेलं आणि बाळंतीण तहानेनं व्याकूळ, तशीच पडून राहिली. वडील वारले तेव्हा आठवडाभर रडू दिलं, मग निरोप आला, आता पुरे, तुझे वडील काही राजे नव्हते. त्या दिवशी काकूंनी डबा माझ्यासमोर ठेवला आणि पुढचं न ऐकताच निघून गेल्या.

पण त्यांच्या मनाला खरं लागलं ते वेगळंच. राजकन्येचा धर्मपंथ बदलला, आणि नावही.

"नावसुद्धा?" काकूंनी विचारलं.

मग त्या स्वतःचं सांगू लागल्या. लग्नात ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, टाळ्या वाजवल्या आणि जेवायला बसले. नाव चांगलं होतं, माणूसही चांगला होता, तक्रार कसलीच नव्हती. माहेरी जुनं नाव चालू राहिलं. आई-वडील गेल्यावर भाऊ उरला. तो दर रविवारी सांगलीहून फोन करायचा आणि त्याच नावानं हाक मारायचा. मागच्या हिवाळ्यात तोही गेला.

"पुढे तिला जुन्या नावानं कोणी हाक मारली का गं? बघ ना पुस्तकात."

मी पाहिलं. तिनं नवऱ्याला गादीवरून उतरवलं, स्वतः सम्राज्ञी झाली, लढाया जिंकल्या, राजवाडे बांधले. हाकेचं मात्र माझ्या पुस्तकांत कुठेच नव्हतं. तसं सांगितलं तर काकूंचा चेहरा पडला, आणि मलाच रडू यायला लागलं. तुमचं नाव काय होतं, असं विचारलं तर त्यांनी हात झटकला. आता कशाला, म्हणाल्या. बरं, सांगितलं असतं तरी माझ्या आईच्या वयाच्या बाईला मी नुसत्या नावानं कशी हाक मारणार? घरी सुनेला त्या आई, नातवंडांना आजी, गणपतीच्या मंडळात काकू. हक्कानं नाव घेणारं इथे कोणी नव्हतंच.

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागलं तसं मी त्यांना शेजारच्या कॉफीच्या दुकानात ओढून नेलं. काउंटरवरच्या मुलीनं कपावर लिहायला नाव विचारलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग पुढे वाकून तिलाच हळूच सांगितलं. आम्ही कोपऱ्यात जाऊन बसलो.

थोड्या वेळानं ती मुलगी दुकानभर ऐकू जाईल असं ओरडली, "बकुळ!"

काकू हलल्या नाहीत. मी उठायला लागले तर माझं मनगट धरलं.

"थांब. अजून एकदा म्हणू दे तिला."

मुलीनं पुन्हा हाक दिली. "आले, आले," काकू मराठीतच म्हणाल्या आणि गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. परत आल्या तेव्हा डोळे वाहत होते, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"तिच्या राजवाड्याजवळ असं दुकान नव्हतं ना," म्हणाल्या. "बिचारी."

त्यानंतर एकही मंगळवार चुकला नाही. कॉफी त्यांना मुळीच आवडायची नाही. मेली कडू, म्हणायच्या आणि अर्धा कप तसाच ठेवायच्या. पण पहिल्या हाकेला कधीही उठल्या नाहीत.

या जानेवारीत काकू गेल्या. फ्युनरल होममध्ये पाटीवर सासरचं नाव होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. मुलगा भला माणूस. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, लायब्ररीत आई इतका वेळ काय करायची? मी राजकन्येबद्दल सांगितलं, कॉफीबद्दल सांगितलं. ते नाव त्याला ठाऊक होतं, पण त्यानं ते कधी उच्चारलं नव्हतं. आईचं नाव कोण घेतं?

पुढच्या मंगळवारी मी एकटीच दुकानात गेले. मुलीनं कप उचलला, नाव विचारलं. मी सांगितलं आणि आमच्या कोपऱ्यात जाऊन बसले.

"बकुळ!"

मी उठले नाही. तिनं पुन्हा हाक मारली.

"आले, आले," मी म्हटलं.