नवऱ्याच्या नावाची सही

हा तपास विसरावा असं मला फार वाटतं, पण तो काही विसरता येत नाही. नोकरीत घरफोड्या उघडकीस आणल्या, एक-दोन खुनांचा छडा लावला. लोक त्याबद्दल आजही हौसेने विचारतात. याबद्दल कोणीच विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपते न संपते तोच जवळच्या गावचा एक गृहस्थ आला. हातात जमीन मोजणीच्या अर्जाची झेरॉक्स.

"साहेब, ही सही बनावट हाय. ज्याच्या नावाची हाय त्यो माणूस फौजेत, तिकडं सरहद्दीवर. मग हितं सही कशी आली? बायकोनं ठोकलीय."

त्या बाईचं नाव मला माहीत होतं. गावच्या पोलीस पाटील पदाच्या परीक्षेत ती पहिली आली होती. नेमणुकीचा आदेश तेवढा निघायचा होता, आणि तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर होता. मला वाटलं, बरं झालं वेळेत कळलं. कुंपणच शेत खाणार होतं.

तक्रारदार फार घाईत असला, की त्याला आधी चहा पाजून बसवून ठेवावं आणि घाई कसली ते काढून घ्यावं, असं मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. त्या दिवशी स्वतः मात्र लगेच फिर्याद लिहून घेतली. साधं बनावटीकरण अदखलपात्र, कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येत नाही. म्हणून मी 'फसवणुकीसाठी बनावटीकरण' हे वरचं कलम लावलं. फसवणूक कोणाची, हे विचारलंच नाही.

बाईला नोटीस देऊन बोलावलं. ती वेळेवर आली. महिला शिपाई शेजारी बसवून मी अर्ज पुढे ठेवला.

"ही सही कोणाची?"

"आमच्या ह्यांच्या नावाची."

"केली कोणी?"

"मीच केली की."

नमुन्यासाठी कोऱ्या कागदावर दहा वेळा सही करायला सांगितली. तिने भराभर दहा सह्या केल्या. दहाही सारख्या, खालची रेघसुद्धा एका मापाची. हात कापला नाही, घाम फुटला नाही. मी मनात म्हटलं, बाई चांगलीच सराईत आहे. एवढी वर्षं आरोपी पाहिलेल्या माणसाला निगरगट्ट आणि निर्धास्त यातला फरक कळू नये, याची मला आज लाज वाटते.

"साहेब, त्यात काय झालं? आमच्या गावात समदीकडं..." ती सांगू लागली.

मी हात वर केला. "गावाचं नंतर. विचारलं तेवढंच बोला."

मी तिचा जबाब पूर्ण केला, नवऱ्याला दोनदा फोन लावला, तो लागला नाही, आणि पडताळणीच्या कागदावर 'गुन्हा दाखल, तपास सुरू' असा शेरा मारून तो प्रांत कार्यालयाला धाडला.

दोषारोपपत्राच्या तयारीत मी सरकारी वकीलबाईंकडे गेलो. माझ्या मुलीच्या वयाच्या. कागद वाचून त्यांनी विचारलं, "साहेब, खोटा दस्तऐवज म्हणजे काय?"

"दुसऱ्याच्या नावाने केलेली सही."

"एवढंच नाही. ज्याचं नाव, त्याच्या परवानगीशिवाय केलेली. आणि तीही अप्रामाणिकपणे किंवा कपटाने. अप्रामाणिकपणे म्हणजे कायद्यात काय, तर कोणाला गैर लाभ व्हावा किंवा कोणाची गैर हानी व्हावी या हेतूने. इथे जमीन नवऱ्याची, मोजायची ती नवऱ्याचीच. कोणाचं काय गेलं? आणि त्याची परवानगी नव्हती, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मला कलमांचे आकडे पाठ होते. त्यातल्या शब्दांचे अर्थ मी भरतीनंतरच्या प्रशिक्षणात एकदा वाचले असतील, तेवढेच.

पुढे महिन्याभराने नवरा सुट्टीवर आला. बॅग घरी टाकून तडक ठाण्यात.

"साहेब, सही मीच गिरवून घेतलीया तिच्याकनं. लग्नाच्या पयल्याच सुट्टीत. शाळंचा कागद, गॅसचा कागद, सात-बारा, समदं तीच बघती. आमी वरसातनं एकदा येणार, कागद थांबत्यात व्हय? आमच्याकडं फौजीच्या हर एक घरात असंच हाय. कुणालाबी इचारा."

मी विचारलं. खरंच तसं होतं. मी कवठे महांकाळकडच्या मेंढपाळ घरातला, मला ही रीत ठाऊक नव्हती. पण ठाऊक नसलेलं विचारून घेण्यासाठीच तर सरकार मला पगार देत होतं. गैरसमजातून गुन्हा दाखल झाला, असा अहवाल मी कोर्टात पाठवला आणि तो मंजूर झाला.

तोवर आदेश निघाला होता, परीक्षेत दुसऱ्या आलेल्या उमेदवाराच्या नावाचा. तो तक्रारदाराचा पुतण्या, हे मला तेव्हा कळलं. प्रांत कार्यालयात मी स्वतः दोनदा गेलो. नेमणूक झालेली, आता काही होणार नाही, असं उत्तर मिळालं. बाईच्या वयाची मर्यादा संपत आली होती. पुन्हा जागा निघेल तेव्हा तिला अर्जही करता येणार नव्हता.

आता कायद्याचं नाव बदललं, कलमांचे आकडे बदलले. शब्दांचे अर्थ मात्र तेच आहेत. नवे अधिकारी भेटायला आले, की मी त्यांना आधी व्याख्या वाचायला सांगतो. म्हातारा काहीतरी सांगतोय, म्हणून ते मान हलवतात.

निवृत्तीनंतर एकदा मी त्या बाईच्या घरी गेलो. तिने चहा केला. मी म्हणालो, "बाई, माझ्या हातून तुमचं वाटोळं झालं. माफ करा."

"आवं, माफी कशाला, साहेब," ती म्हणाली. "तुमी कायद्यानंच केलं असंल की."

तिला वाईट वाटू नये म्हणून मी पुढे बोललो नाही. कायदा पहिल्या दिवसापासून तिच्या बाजूने होता. आडवा आलो होतो तो मी.