डाक्टरच्या नावाचं पाकीट

मी दुसरीपर्यंत शिकलो. तेवढ्या शाळेत एक गोष्ट पक्की डोक्यात बसली, दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडायचं नाही. तेच मला भोवलं.

भाताच्या रोपांची जमीन भाजायला राब लागतो, त्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडताना झाडावरून पडलो. मांडीचं हाड मोडलं. आमच्या वाडीला गाडी येत नाही. चौघांनी डोलीत घालून खाली पोलादपूरला आणलं, तिथून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. मांडीत सळई घातली. सोडताना तिथल्या डाक्टरीणबाईंनी बंद पाकीट हातात दिलं. "आजोबा, पुढचं सगळं यात लिहिलंय. तुमच्या गावच्या डॉक्टरांना द्या."

आमचा डाक्टर पोलादपुरात. बायकोचं शेवटचं दुखणं त्यानंच बघितलं. दर साली मधाची पहिली बाटली मी त्याच्या टेबलावर ठेवायचो. घामानं भिजू नये म्हणून पाकीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं. त्यानं फोडलं, वाचलं, खणात टाकलं.

"काय म्हणतात मुंबईच्या बाई? वर कधी जाऊ?"

"चढ नाही, काका. बसून राहायचं. पायावर भार द्यायचा नाही."

मी खाली लेकीच्या गावी, कापड्याला राहिलो. वर माझं घर, दोन गाई, एक म्हातारा बैल. वैरणपाणी शेजारी बघत होता. दर महिन्याला जावयाच्या मोटरसायकलवरून दवाखान्यात जायचो. दर महिन्याला तेच, "पुढच्या महिन्यात बघू."

लेक चिडवायची, "बाबा, जल्मात कोणाचं ऐकलं नाय, आता डाक्टरापुढं कसे गरीब झालात!"

खरंच ऐकत होतो. चौथ्या महिन्यात मुंबईला कामाला असलेल्या माझ्या मुलानं गुरं विकली. म्हणे, डाक्टर बोलले, आता बाबांचं वर जाणं नाय. मी गिळलं. डाक्टरचा शब्द होता.

सहा महिन्यांनी मुंबईला दाखवायला गेलो. डाक्टरीणबाईंनी गुडघा वाकवायला सांगितला. वाकेना. त्या माझ्यावरच खवळल्या.

"व्यायाम का नाही केला? मी पत्रात लिहिलं होतं, रोज गुडघा वाकवायचा, हाड जुळलं की चढही चढू द्या. हाड तर कधीच जुळलंय!"

आपल्या डाक्टरची चूक परक्यापुढं कशी सांगू? "माझाच आळस," म्हटलं. मुलगा बाजूलाच उभा होता. त्यानं मोबाईलमध्ये तोंड घातलं.

परत आलो तो थेट दवाखान्यात. बाकावर पेशंट होते, त्यांच्यादेखत विचारलं.

"डाक्टर, पाकिटात काय होतं?"

त्यानं चष्मा काढला. "काका, तुमच्या मुलाचा फोन आला होता. वर रस्ता नाही, घरात माणूस नाही. पुन्हा पडलात तर? मला त्याचं पटलं."

"मग तसं मला सांगायचं. मी भांडलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"पाय माझा, आणि बोलणं तुम्हा दोघांचं?"

मी पाकिटातला कागद मागून घेतला आणि निघालो.

मग दोन महिने गुडघ्याशी झगडलो. लेक तेल लावून पाय वाकवायची, मी ओरडायचो. थोडा सुटला, तसा काठी घेऊन एका सकाळी चढायला लागलो. बसत, उठत, दुपारी वर पोचलो. घर उघडलं, रिकामा गोठा झाडला. चूल पेटवायला खाली बसू लागलो तर गुडघा अर्ध्यावर अडला. उकिडवं बसता येईना, आणि उभ्यानं चूल पेटत नाही. शेजारणीनं भाकरी आणून दिली. तीन दिवस तिचीच भाकरी खाल्ली. बायको गेल्यापासून मी माझ्या हातचं खात आलो होतो. चौथ्या दिवशी उतरलो.

मुलाचा फोन आला. "बाबा, कोणाला विचारून वर गेला होतात?"

"मुंबईच्या डाक्टरणीला. तिनं लिहून दिलं हाय."

चुलीचं मी त्याला सांगितलं नाही. डाक्टरलाही सांगितलं नाही. एकाला सांगितलं की दोघं पुन्हा फोनवर बोलतील.