कंपाउंडरांचा साठ दिवसांचा कोर्स

रोग पटकन बरा झालेला कंपाउंडरांना खपत नसे. साधी सर्दी दोन दिवसांत गेली तरी ते संशयानं बघायचे. “गेली नाही, दबून बसलीय,” म्हणायचे. भाईंदर पूर्वेला ते एका मेडिकलवर कामाला होते आणि खारी गावात आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो.

सुट्टीच्या दिवशी ते जुन्या कॉम्प्युटरवर झॉम्बींचा खेळ खेळत. त्यात झॉम्बी चावला की एक इंजेक्शन टोचायचं, माणूस खडखडीत बरा. ते पाहून कंपाउंडर म्हणाले, “एका सुईत? मग आम्ही मेडिकलात काय अगरबत्त्या विकायच्या?” स्वतः शिकून त्यांनी त्या खेळाचे नियम बदलणारा एक मॉड बनवला. आता चावा बसला की साठ दिवस रोज गोळी. दहाव्या दिवशी ताप उतरतो, खेळाडू धावायला लागतो, आणि इथेच तो फसतो. गोळी चुकली की संसर्ग परततो, आणि तीच गोळी मग लागू पडत नाही.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. तरी प्रोग्रॅम लिहायला मला या बारावी नापास माणसानं शिकवलं; आज त्याच कामावर माझं घर चालतं. बदल्यात मी मॉडच्या सूचना इंग्रजीत लिहून द्यायचो. खेळणारे शिव्या घालायचे. “भाई, गेम है, सरकारी दवाखाना नहीं,” असं एकानं लिहिलं, तेव्हा कंपाउंडर दिवसभर खूश होते.

एक मागणी मात्र सारखी यायची. चुकलेल्याला वाचायची काहीतरी वाट द्या. मलाही ते पटत होतं. एका रविवारी दुपारी मी म्हणालो, “कंपाउंडर, एक गोळी विसरला म्हणून माणूस मारायचा का?”

“विसरला नाही रे ग्रॅज्युएट. त्याला बरं वाटलं.”

मग त्यांनी आक्काचं सांगितलं. रत्नागिरीकडे गावी असलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीला टीबी झाला होता. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं. भाताची लावणी तोंडावर होती आणि गोळ्यांनी पोटात ढवळायचं. तिनं फोन करून विचारलं, बंद करू का? भाऊ मेडिकलवर, म्हणजे तिच्या लेखी डॉक्टरच.

“मला कामाला लागून चार महिने झाले होते,” ते म्हणाले. “कोणीतरी मला विचारतंय, याचाच आनंद झाला. म्हटलं, बरं वाटतंय ना, मग कर बंद.”

आजार उलटला. पहिल्या गोळ्यांना दाद देईना. पुढची इंजेक्शनं कित्येक महिने चालली. त्या इंजेक्शनांनी आक्का वाचली, पण त्यांनीच तिचे कान गेले.

त्याच आठवड्यात कंपाउंडरांनी मॉडमध्ये उशिराचा उपचार घातला. त्यातून खेळाडू जगतो, मात्र पुढे खेळात आवाज येत नाही. झॉम्बी पाठीमागून आलेला कळतच नाही.

गेल्या वर्षी आक्काचा आजार पुन्हा उसळला आणि कंपाउंडर नोकरी सोडून गावी गेले. मॉड माझ्याकडे आला. आवाज परत द्या म्हणून लोक मागे लागले. एक ओळ पुसायचं काम होतं. मी विचारायला फोन केला.

“राहू दे तसंच,” ते म्हणाले.

तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, घरातल्या बोलण्याच्या मानानं फारच मोठा. “कोनाचा फोन? डाक्टरचा काय? बरी व्हईन म्हनतो ना?”

कंपाउंडर तिला हातानं काय सांगत होते, मला कळायला मार्ग नव्हता.

“मग आन गोळ्या,” आक्का म्हणाली.